शाश्वत इन्फ्लेशन, बहुविश्व आणि भाकितं: अनंताला अनंताने भागायचं कसं?

मृगशीर्ष (धागाकर्ते)

बहुविश्वाची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा एकाच आक्षेपावर अडते: "दुसरी विश्वं कधी दिसणारच नाहीत, मग हे विज्ञान कसलं?" मला हा आक्षेप चुकीच्या जागी घेतलेला वाटतो. कृष्णविवराच्या आत काय चाललंय तेही कुणाला दिसत नाही. तरी व्यापक सापेक्षता तिथलं जे सांगते ते आपण गांभीर्याने घेतो, कारण बाहेरच्या जगाबद्दल तिने सांगितलेलं पुन्हा पुन्हा खरं ठरलंय. खरी अडचण वेगळीच आहे आणि जास्त खोल आहे. शाश्वत इन्फ्लेशन खरं मानलं, तर 'अमुक गोष्ट दिसण्याची शक्यता इतकी' हे विधान करायचं कसं, तेच ठरत नाही. धागा त्यासाठी काढलाय.

ज्यांनी हा विषय वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ॲलन गुथ यांनी १९८१ साली इन्फ्लेशनची कल्पना मांडली. विश्वाच्या अगदी सुरुवातीला, सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात, अवकाश घातांकी गतीने पसरलं. किती? लांबी किमान १ वर २६ शून्यं इतक्या पटीने. १९८२ मध्ये लिंडे, तसंच अल्ब्रेख्ट आणि स्टाइनहार्ट यांनी ती कल्पना दुरुस्त केली. या प्रारूपांतून निघालेलं एक भाकीत असं, की सुरुवातीचे घनतेतले चढउतार सगळ्या अंतरांवर जवळजवळ सारखे असावेत, पण तंतोतंत नाही. हा कल मोजणारा निर्देशांक १ पेक्षा किंचित कमी यायला हवा. प्लांक उपग्रहाने तो ०.९६५ मोजला, त्रुटी ०.००४.

१९८३ च्या सुमारास स्टाइनहार्ट आणि अलेक्झांडर व्हिलेंकिन यांच्या लक्षात आलं की ही प्रक्रिया एकदा सुरू झाली की सगळीकडे एकदम थांबत नाही. इन्फ्लेशन चालवणारी पोकळी (म्हणजे ऊर्जा असलेला रिकामा अवकाश) अस्थिर असते, किरणोत्सारी पदार्थासारखा तिचा क्षय होतो. पण एका अर्धायुष्यात निम्मी पोकळी संपते तेवढ्यात उरलेली निम्मी प्रचंड पटींनी पसरलेली असते. क्षय चालू राहूनही शिल्लक वाढतच जाते. जिथे क्षय होतो तिथे एक बुडबुडा तयार होतो. आपलं विश्व असाच एक बुडबुडा, आणि अशा बुडबुड्यांना अंत नाही. त्यात २००० नंतर स्ट्रिंग सिद्धांताची भर पडली. बूसो आणि पोल्चिन्स्की यांच्या कामातून दिसलं की पोकळीच्या शक्य अवस्थांची संख्या अफाट आहे. १ वर ५०० शून्यं हा आकडा तुम्ही वाचला असेल. प्रत्येक अवस्थेत पोकळीची ऊर्जा, कणांची वस्तुमानं, बलांची तीव्रता वेगळी असू शकते.

आता भाकीत करू. आपल्यासारख्या निरीक्षकांपैकी किती जणांना इतकी कृष्ण ऊर्जा (प्रसरणाचा वेग वाढवणारी, बहुधा पोकळीचीच ऊर्जा) दिसते आणि किती जणांना तितकी? दोन्ही गटांत निरीक्षक अनंत. अनंत भागिले अनंत म्हणजे काय?

पूर्णांकांचं उदाहरण घ्या. दहाने भाग जाणारे किती? दर दहांत एक, असं आपण पटकन म्हणतो. आता तेच आकडे असे मांडा, एक दहाने भाग जाणारा, मग एक न जाणारा: १०, १, २०, २, ३०, ३, ४०, ४... डावीकडून एकेक घेत गेलं तर एकही आकडा सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. पण या रांगेत कुठेही थांबून मोजलं तर निम्म्यांना दहाने भाग जातो. आकडे तेच आहेत, फक्त मोजायचा क्रम बदललाय.

म्हणून मोजणीचा नियम ठरवावा लागतो, त्याला मेजर म्हणतात. सर्वात सरळ नियम असा: एक घड्याळ निवडा, त्या घड्याळाप्रमाणे एका वेळेपर्यंत जे घडलं तेवढंच मोजा, गुणोत्तर काढा, मग ती वेळ अनंताकडे न्या. नेहमीच्या गणितात अशी सीमा लांब नेली की तिचा परिणाम विरून जातो. इथे विरत नाही. दरवर्षी दुप्पट होणाऱ्या लोकसंख्येची शिरगणती कधीही करा, निम्मे लोक गेल्या वर्षभरात जन्मलेले निघणार. म्हणजे बहुतेक सगळं कायम सीमेला चिकटूनच असतं, आणि सीमा कशी आखली यावर उत्तर ठरतं. सापेक्षतेत कुठलंच घड्याळ इतरांपेक्षा जास्त खरं नाही, त्यामुळे निवड आपोआप होत नाही.

आणि निवडीचे परिणाम किरकोळ नाहीत. सगळ्यात साधं घड्याळ म्हणजे प्रॉपर टाइम, प्रत्येक भागाबरोबर जाणारं मनगटी घड्याळ म्हणा हवं तर. गुथ यांनी दिलेला अंदाज असा: या घड्याळाने मोजलं तर दर सेकंदाला विश्वांची संख्या ई च्या (ई म्हणजे सुमारे २.७ ही संख्या) घातांकात वाढते, आणि तो घातांक आहे १ वर ३७ शून्यं. म्हणजे आपल्यापेक्षा एक सेकंदाने तरुण असलेली विश्वं आपल्यासारख्यांच्या इतक्या पट. मग घाईघाईने, कितीही दुर्मीळ योगायोगाने का होईना, लवकर निर्माण झालेले निरीक्षक बाकी सगळ्यांना बुडवून टाकतात. त्यांना विश्व आपल्यापेक्षा कितीतरी तरुण आणि तप्त दिसेल. आपल्याला मात्र १३.८ अब्ज वर्षं वय आणि २.७२५ केल्विन तापमानाचं पार्श्वप्रारण (तप्त सुरुवातीपासून उरलेला, आकाशभर पसरलेला प्रकाश) दिसतं. याला यंगनेस पॅराडॉक्स म्हणतात. या एका कारणाने प्रॉपर टाइमचा मेजर जवळजवळ सगळ्यांनी सोडून दिला.

माझा मुद्दा इथे आहे. एका नियमाने भाकीत केलं, ते आकाशातल्या मोजमापाशी जुळलं नाही, नियम बाद झाला. 'बहुविश्व तपासताच येत नाही' हे सरसकट खरं नाही. बहुविश्व आणि एक मेजर अशी जोडी तपासता येते. पण मेजर कुठून आणायचा हे कोणत्याच मूलभूत सिद्धांतातून आज निघत नाही, आणि तोवर 'बहुविश्वाने हे समजावलं' असं म्हणणाऱ्यांनीही जपून बोलायला हवं.

शततारका

वाचनखूण साठवली. एक शंका. उत्तर चुकलं म्हणून एक मेजर बाद. मग उरलेल्यांतून ज्याचं उत्तर बरोबर येतं तो ठेवायचा, असंच ना? हे उत्तर बघून गणित मांडल्यासारखं होत नाही का?

मृगशीर्ष

@शततारका, मेजर प्रत्येक प्रश्नासाठी वेगळा घेता आला असता तर तसंच झालं असतं. पण नियम एकच, आणि त्याच नियमाने कृष्ण ऊर्जा, अवकाशाची वक्रता, विश्वाचं वय, चढउतारांचा आकार ही सगळी उत्तरं द्यायची आहेत. एकावरून निवडला तरी उरलेल्यांसमोर त्याला उभं राहावंच लागतं. मूलभूत सिद्धांतातून निघालेला मेजर याहून कितीतरी चांगला, हे मान्य.

तर्कदीप

धागा चांगला आहे, पण मला मूळ भूमिकाच पटत नाही आणि ते सविस्तर लिहितो.

शाश्वत इन्फ्लेशन पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत स्टाइनहार्ट होते, आणि तेच आज त्याचे सर्वात कठोर टीकाकार आहेत. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. जिथे घडू शकतं ते सगळं घडतं, आणि अनंत वेळा घडतं, तिथे कुठलंही निरीक्षण सिद्धांताला नाकारू शकत नाही. २०१७ मध्ये इजास, स्टाइनहार्ट आणि लोब यांनी हे एका लोकप्रिय विज्ञान मासिकात मांडलं. त्यावर गुथ, लिंडे, हॉकिंग यांच्यासह ३३ शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिलं. सह्यांची संख्या हा काही पुरावा नव्हे. त्याआधी २०१४ मध्ये जॉर्ज एलिस आणि जोसेफ सिल्क यांनी 'नेचर'मध्ये इशारा दिला होता, की निरीक्षणाची अट सैल केली तर भौतिकशास्त्राची विश्वासार्हता जाईल.

तुम्ही म्हणता जोडी तपासता येते. पण जोडी चुकली की प्रत्येक वेळी बळी मेजरचा जातो, बहुविश्वाचा नाही. प्रॉपर टाइम चुकला, तर दुसरं घड्याळ घ्या. तेही चुकलं, तर तिसरं. बहुविश्व स्वतः कधी पणाला लागतं का? एक निरीक्षण सांगा, जे आलं तर तुम्ही शाश्वत इन्फ्लेशन सोडाल. मेजर नाही, शाश्वत इन्फ्लेशन.

कवडसा

+१ तर्कदीप. हाच प्रश्न विचारणार होतो.

नीलकंठी

तर्कदीप यांच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मोजमापाचं आहे. लिहिते थोड्या वेळाने. त्याआधी वाइनबर्ग यांच्याबद्दल कुणीच बोललेलं नाही, ते राहायला नको. या क्षेत्रातलं खऱ्या अर्थाने आधी केलेलं भाकीत तेच आहे.

पोकळीची ऊर्जा किती असावी याचा सरधोपट अंदाज बांधला तर तो प्रत्यक्षापेक्षा १ वर सुमारे १२० शून्यं इतक्या पटीने जास्त येतो. १९८० च्या दशकात बहुतेकांची धारणा होती, की एखाद्या अज्ञात सममितीमुळे ती नेमकी शून्य असणार. १९८७ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी वेगळा प्रश्न विचारला. ती विश्वागणिक बदलत असेल तर निरीक्षक कुठे असतील? दीर्घिका बनायला द्रव्य गुरुत्वाने गोळा व्हावं लागतं. पोकळीची ऊर्जा जास्त असेल तर प्रसरण लवकर वेग घेतं, आणि गोळा होण्याआधीच द्रव्य पांगतं. या हिशेबाने वरची मर्यादा आली आजच्या द्रव्य-घनतेच्या काही शेकडा पट. १२० शून्यांच्या घोळातून थेट शेकड्यांवर! आणि त्याबरोबर हेही आलं, की शून्यच असण्याचं काही कारण नाही, मर्यादेच्या आसपास कुठेतरी असावी.

१९९८ मध्ये अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून दोन गटांनी प्रसरणाचा वेग वाढतोय हे दाखवलं. कृष्ण ऊर्जा सुमारे ७० टक्के, द्रव्य ३० टक्के. शून्य नाही आणि मर्यादेच्या पलीकडेही नाही. त्याच वर्षी मार्टेल, शापिरो आणि वाइनबर्ग यांनी नीट वितरण काढलं. आपल्याइतकी किंवा त्याहून कमी ऊर्जा दिसण्याची शक्यता गृहीतकांनुसार ५ ते १२ टक्के. फार नेमकं नाही, पण टाकाऊही नाही. इतर बहुतेक मार्गांनी याच्या जवळपासही जाता आलेलं नाही.

अपरिमेय

नीलकंठी, उत्तम प्रतिसाद. त्यात एक खाच आहे, ती दाखवतो.

वाइनबर्ग यांच्या हिशेबात बाकी सगळं गोठवलेलं आहे आणि फक्त पोकळीची ऊर्जा बदलतेय. सुरुवातीच्या चढउतारांचा आकार घ्या. आपल्याकडे तो लाखात एक आहे. तोही विश्वागणिक बदलत असेल तर? तो दहापट मोठा असला तर द्रव्य फार लवकर गोळा होतं, आणि सोसता येणाऱ्या पोकळीच्या ऊर्जेची मर्यादा हजारपट वर जाते, कारण नातं घनाचं आहे. टेगमार्क आणि रीस यांनी १९९८ मध्ये चढउतारांच्या आकारावरही मर्यादा काढली. फार लहान असेल तर तारे बनत नाहीत, फार मोठा असेल तर दाट दीर्घिकांत ग्रहांच्या कक्षा शेजारून जाणाऱ्या ताऱ्यांमुळे विस्कटतात. त्यांचा पट्टा दहा लाखांत एकपासून दहा हजारांत एकपर्यंत. म्हणजे एकट्या कृष्ण ऊर्जेचं यश हे बाकीच्या राशी कशा वाटल्या गेल्या यावर टेकलेलं आहे, आणि ते वाटप ठरवणारा परत मेजरच.

इथे आकारमानाला भाव देणारे मेजर आणखी अडचणीत येतात. जास्त काळ इन्फ्लेशन झालेल्या बुडबुड्यात जास्त जागा, म्हणून जास्त निरीक्षक, असं धरलं तर इन्फ्लेशनचा काळ आणि त्याच्याशी बांधलेला चढउतारांचा आकार घातांकी जोराने एका टोकाला ढकलला जातो. आपण टोकाला नाही, मधे आहोत. त्यामुळे तो प्रकारही मागे पडला.

सध्या टिकून असलेल्यांत दोन सांगतो. पहिला स्केल फॅक्टर मेजर, ज्यावर डी सिमोने, गुथ, सेलम आणि व्हिलेंकिन यांनी २००८ मध्ये काम केलं. यात अवकाश किती पट पसरलं हेच घड्याळ. वेगाने पसरणाऱ्या भागाचे ठोकेही भराभर पडतात, त्यामुळे वेगाचा गैरवाजवी फायदा निघून जातो. तरुण असण्याकडे कल राहतो, पण सौम्य: लांबी ई पट होताना आकारमान ई च्या घनाने, म्हणजे सुमारे २० पट. दुसरा बूसो यांचा २००६ चा कॉझल पॅच. यात एकाच जगरेषेशी (एका निरीक्षकाच्या अवकाशकालातल्या मार्गाशी) जेवढ्या अवकाशकालाचा संपर्क होऊ शकतो तेवढंच मोजायचं, बाकीचं बहुविश्व मोजणीतून बाहेर.

कवडसा

चर्चेतून खूप मिळतंय. मी वाचलं होतं की 'आपण आहोत म्हणून असं असलंच पाहिजे' या पद्धतीचं पहिलं यशस्वी भाकीत फ्रेड हॉइल यांचं, कार्बनच्या केंद्रकाबद्दलचं. ते इथे कसं बसतं?

आणि बुडबुड्याची कल्पना हॉइल आणि जयंत नारळीकर यांच्या कामातही होती ना?

मृगशीर्ष

@कवडसा, दोन्ही प्रश्न आवडले.

हॉइल यांनी १९५३ मध्ये म्हटलं की कार्बनच्या केंद्रकाला ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास एक अवस्था असली पाहिजे, नाहीतर ताऱ्यांत पुरेसा कार्बन बनणार नाही. कॅलटेकच्या प्रयोगशाळेत ती सापडली. पण त्या वेळी त्यांचा युक्तिवाद कार्बनच्या प्रमाणावरून होता, जीवसृष्टीवरून नव्हे. जीवसृष्टीचा रंग त्याला नंतर चढला. 'अँथ्रॉपिक' तत्त्व हे नाव ब्रँडन कार्टर यांनी १९७३ मध्ये दिलं.

दुसरं बरोबर आहे. १९६६ मध्ये हॉइल आणि नारळीकर यांनी मांडलं, की बाहेर दाट, सतत निर्मिती चालू असलेलं स्थिर-स्थिती विश्व आहे, आणि निर्मिती थांबलेला एक बुडबुडा म्हणजे आपल्याला दिसणारा भाग. इन्फ्लेशनच्या पंधरा वर्षं आधी. पण मला मूळ स्थिर-स्थिती सिद्धांतातली दुसरी गोष्ट या धाग्यासाठी जास्त मोलाची वाटते. तेही विश्व अनादि-अनंत आणि घातांकी गतीने पसरणारं. त्यातही तरुण दीर्घिकाच जास्त, कारण जुन्या पांगत जातात. गणित केलं तर दीर्घिकांचं सरासरी वय हबल-काळाच्या (प्रसरणाच्या वेगावरून निघणाऱ्या काळाच्या) नेमकं एक तृतीयांश येतं. तो तीन अपरिमेय यांनी वर लिहिलेल्या घनातलाच तीन आहे. अनंत विश्व असूनही त्या सिद्धांताने स्पष्ट आकडा दिला, आणि आपल्या आसपासच्या दीर्घिका त्या मानाने फार म्हाताऱ्या आहेत असा आक्षेप त्याच्यावर घेताही आला. तिथे मोजणीचा वाद झाला नाही, कारण ते विश्व सगळीकडे सगळ्या काळी सारखंच होतं, घड्याळाची निवड आपोआप झालेली. शाश्वत इन्फ्लेशनमध्ये हीच सोय नाही. अनंतपणा हा एकटा दोषी नाही, विषमता आणि अनंतपणा एकत्र आले की गाडी अडते.

शततारका

हे फार छान जोडून दाखवलंत. पुढील लेखनास शुभेच्छा.

अपरिमेय

ज्यांना वाटतं की मेजर म्हणजे निव्वळ हिशेबाची सोय आहे, त्यांच्यासाठी गुथ आणि वांचुरिन यांचं २०११ चं कोडं. मला या विषयातलं हे सर्वात अस्वस्थ करणारं कोडं वाटतं, म्हणून सावकाश लिहितो.

तुम्ही नाणं उडवता, पण निकाल बघत नाही. छापा पडला तर तुम्हाला एक मिनिट झोपवणार, काटा पडला तर एक अब्ज वर्षं. जागं झाल्यावर कुठल्याही खुणेवरून किती झोपलात ते कळणार नाही. झोपण्याआधी विचारलं, छापा पडला असण्याची शक्यता किती? निम्मी. जागं झाल्यावर तेच विचारलं. मधे नवी माहिती काहीच मिळालेली नाही, झोप लागली की जाग येणार हे ठरलेलंच होतं. उत्तर निम्मीच यायला हवं.

आता हा प्रयोग बहुविश्वात सगळीकडे चालू आहे असं धरा आणि एका वेळेपर्यंतच मोजा. घातांकी वाढीमुळे बहुतेक प्रयोग सीमेच्या अगदी जवळ सुरू झालेले आहेत. त्यांतले छापावाले मिनिटाभरात उठतात, मोजणीत येतात. काटावाल्यांची जाग सीमेच्या पलीकडे पडते, ते मोजलेच जात नाहीत. सीमा कितीही पुढे न्या, प्रमाण तेच राहतं. म्हणून जागं झालेल्यांत छापावाले प्रचंड बहुमतात. झोपताना निम्मी असलेली शक्यता उठताना जवळजवळ खात्री झाली.

याचे दोन अर्थ लावले गेले. बूसो, फ्रायफोगेल, लायखेनाउअर आणि रोझेनहाउस यांनी २०१० मध्ये म्हटलं की सीमा खरी माना. झोपलेला माणूस उठण्याआधी काळच संपू शकतो, म्हणून जागं होणं हीच नवी माहिती. त्यांच्या हिशेबाने पुढच्या ३.७ अब्ज वर्षांत काळ संपण्याची शक्यता ५० टक्के आहे. गुथ आणि वांचुरिन यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते काळ संपत नाही. 'सुरू झालेले प्रयोग' आणि 'पूर्ण झालेले प्रयोग' हे दोन अनंत संच आहेत, आणि दोन्हींतली प्रमाणं सारखीच असली पाहिजेत ही आपली सवय मर्यादित संचांवरून आलेली आहे.

मी गुथ-वांचुरिन यांच्या बाजूला झुकतो, पण किंमत मोठी आहे. संभाव्यतेबद्दल आपण जे गृहीत धरतो त्यातली एक वीट त्यात निघते. मोजणी सोपी व्हावी म्हणून आखलेल्या रेषेला भिंत मानायची, हे मात्र मला त्याहून जड जातं.

तर्कदीप

अपरिमेय, स्वच्छ लिहिलंत. पण हे वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. ज्या चौकटीत नाण्याच्या छापा-काट्याचं उत्तर झोपेच्या लांबीवर ठरतं, तिच्यातून कृष्ण ऊर्जेची शक्यता १२ टक्के म्हटली काय किंवा २ टक्के, मी त्या आकड्यावर विश्वास का ठेवू? बोल्ट्झमन मेंदूंचं तर अजून कुणी नावही काढलेलं नाही.

मृगशीर्ष

@तर्कदीप, काढतो. कृष्ण ऊर्जा खरोखर स्थिर असेल तर विश्व रिकामं होत होत अतिशय थंड पण शून्य नसलेल्या तापमानाला टेकतं. तिथे अनंत काळ मिळाला तर निव्वळ योगायोगी चढउतारातून, खोट्या आठवणींसकट, एखादा विचार करणारा मेंदू क्षणभर तयार होऊ शकतो. असे मेंदू अनंत, आणि उत्क्रांतीतून आलेले निरीक्षक मर्यादित. मग आपण बहुधा तसेच ठरतो. पण तसं असेल तर आपली सगळी निरीक्षणं खोटी, आणि ज्या निरीक्षणांवरून हा सिद्धांत उभा केला तीही गेली. स्वतःच्याच पुराव्याखालची जमीन काढणारा सिद्धांत ठेवता येत नाही.

यातूनही भाकीत निघतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. डॉन पेज यांनी २००६ मध्ये म्हटलं, की असे मेंदू बहुमतात यायला नको असतील तर आपली पोकळी त्याआधी मोडायला हवी, आणि बहुधा १९ अब्ज वर्षांच्या आत. स्केल फॅक्टर आणि कॉझल पॅच या मेजरमध्ये अट बरीच सैल होते, पण उरतेच: कुठलीही पोकळी फार चिवट असता कामा नये. स्ट्रिंग सिद्धांतात अशा पोकळीचं आयुर्मान काढता येतं. एक जरी फार चिवट निघाली तर हे मेजर अडचणीत.

नीलकंठी

तर्कदीप, तुम्ही विचारलं होतं, काय दिसलं तर शाश्वत इन्फ्लेशनच सोडावं लागेल. अवकाशाची धन वक्रता, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागासारखा स्वतःत मिटणारा अवकाश.

कारण असं. पोकळीच्या क्षयातून बुडबुडा बनतो तेव्हा त्याच्या आतला अवकाश आतून बघणाऱ्याला ऋण वक्रतेचा, म्हणजे उघडा दिसतो. हे कोलमन आणि डी लुच्चिया यांच्या १९८० च्या गणितातून येतं आणि त्यासाठी कुठलाच मेजर लागत नाही. बुडबुड्यानंतरच्या इन्फ्लेशनमुळे ती वक्रता पुसट होते, पण तिचं चिन्ह उलटत नाही. २०१२ मध्ये क्लेबान आणि शिलो यांनी, आणि स्वतंत्रपणे गुथ आणि नोमुरा यांनी दाखवलं, की दहा हजारांत एक या पातळीच्या वर धन वक्रता सापडली तर आपल्या भूतकाळात शाश्वत इन्फ्लेशन होतं या कल्पनेला मोठा तडा जातो. स्थानिक चढउतारांचा गोंगाट लाखात एक आहे, त्यामुळे त्या पातळीवरच्या मोजमापाला अर्थ राहतो.

आज आपण कुठे आहोत? प्लांक आणि दीर्घिकांची सर्वेक्षणं मिळून वक्रता ०.०००७, त्रुटी ०.००१९. म्हणजे शून्याशी सुसंगत, आणि निर्णायक पातळी अजून साधारण वीसपट खाली. दरी भरून निघायला वेळ लागेल, पण ती अशक्य कोटीतली नाही.

दुसरी दिशा बुडबुड्यांच्या टकरींची. शेजारचा बुडबुडा आपल्यावर आदळला असेल तर पार्श्वप्रारणावर गोल चकती उमटेल, किंचित उबदार किंवा थंड, कडेला बदल जाणवणारी. फीनी, जॉन्सन, मॉर्टलॉक आणि पायरिस यांनी २०११ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या सात वर्षांच्या नोंदींत त्या शोधल्या. संगणकाने आधी संशयित जागा निवडल्या, मग प्रत्येक जागेला विचारलं की टक्कर मानल्याने गुंतागुंत वाढते त्या बदल्यात स्पष्टीकरण पुरेसं सुधारतं का. उत्तर आलं, नाही. दिसू शकतील अशा टकरी संपूर्ण आकाशात सरासरी १.६ पेक्षा कमी, ६८ टक्के खात्रीने. दिसली असती तर शेजारच्या विश्वाचा जवळजवळ थेट पुरावा मिळाला असता. दिसली नाही याने मात्र काही कोसळत नाही, कारण पुरेसं लांब इन्फ्लेशन अशा खुणा क्षितिजापलीकडे ढकलतं.

शततारका

आणि डेझी या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाच्या निकालांचं काय? कृष्ण ऊर्जा काळाबरोबर बदलतेय असे संकेत आहेत ना?

नीलकंठी

मार्च २०२५ चे निकाल इतर निरीक्षणांशी जोडले तर संकेत २.८ ते ४.२ सिग्मा (सिग्मा जितके जास्त, तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी), कुठल्या अतिनवताऱ्यांच्या नोंदी घेतल्या त्यावर अवलंबून. शोध म्हणायला ५ सिग्मा लागतात. खरं ठरलं तर वाइनबर्ग यांच्या युक्तिवादाला धक्का आहे, कारण तो स्थिर असलेल्या पोकळीच्या ऊर्जेसाठी आहे. बोल्ट्झमन मेंदूंचा प्रश्न कदाचित सौम्य होईल. आत्ताच फार बांधकाम करू नये.

तर्कदीप

नीलकंठी, वक्रतेचं उत्तर मला हवं तसं आहे: मेजरशिवाय, चिन्हासकट, आधी लिहून ठेवलेलं. धन वक्रता आली तर मेजर बदलून सुटका नाही हे मान्य. त्यामुळे 'बहुविश्व कधी पणाला लागतच नाही' हे माझं वाक्य मी इथून पुढे वक्रतेला सोडून वापरेन.

पण ऋण वक्रता आली तर? ती बुडबुड्याशिवायही येऊ शकते. आणि काहीच आलं नाही, जे सर्वात संभवनीय आहे, तर? मृगशीर्ष, तुमची 'जोडी' इथे काय सांगते? आकडा द्या.

मृगशीर्ष

आकडा आहे. डी सिमोने आणि सेलम यांनी स्केल फॅक्टर मेजर आणि लॅंडस्केपमधल्या (स्ट्रिंग सिद्धांतातल्या पोकळीच्या शक्य अवस्थांच्या पसाऱ्यातल्या) इन्फ्लेशनचं एक ढोबळ प्रारूप घेऊन वक्रतेचं वितरण काढलं. गोंगाटाच्या बरीच वर, म्हणजे मोजता येईल इतकी ऋण वक्रता असण्याची शक्यता सुमारे दहा टक्के. तुमचा पुढचा प्रश्न ठाऊक आहे: मग न सापडणं हे नव्वद टक्के अपेक्षितच, त्याने मेजरला काय बळ मिळालं? फारसं नाही. पण त्याच कामात उलट बाजूही आहे. आज दिसते त्याहून थोडी जास्त वक्रता असती तरी निरीक्षक निर्माण झालेच असते, त्यामुळे 'आपण आहोत म्हणून ती इतकी कमी' असं म्हणून सुटता येत नाही. लॅंडस्केपची जी प्रारूपं फार कमी इन्फ्लेशन देतात ती या मेजरखाली आजच्याच मर्यादेने बाद होतात.

ऋण वक्रता सापडली तर एकटीवरून मी बहुविश्व जाहीर करणार नाही. तिच्याबरोबर मोठ्या कोनांवरच्या चढउतारांत बुडबुड्याच्या सुरुवातीची खूण शोधावी लागेल. क्षयानंतर इन्फ्लेशन स्थिरावण्याआधीच्या टप्प्याने तिथे चढउतारांची ताकद बदलायला हवी. त्या कोनांवर नमुने मोजकेच असतात, आकाश एकच आहे, त्यामुळे तापमानाच्या नकाशातून याहून फार काही पिळून निघणार नाही. ध्रुवीकरणाच्या नकाशातून किती निघेल याचं गणित नीलकंठी यांनी मांडलं तर ते इथेच पुढे चालवू.